पाण्याची रेघ

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा मी कणीक मळत होते. हात पिठाचे, म्हणून कोपरानंच स्पीकर लावला, आणि गोव्याच्या ऑफिसातल्या साहेबांचा आवाज कुकरच्या शिट्टीला टक्कर देत स्वयंपाकघरभर झाला. “शुक्रवारी बोट ११८.६ टनांची होती. आज ११७.२. शनिवार-रविवारी हिनं उपास केला काय?” साहेब विनोद करतात तेव्हा ते खरोखर चिडलेले असतात, हे इतक्या वर्षांत मला कळलंय. मी म्हटलं, बघते. तेही म्हणाले, बघ. एवढंच बोलणं. पण कणकेचा गोळा परातीत तसाच राहिला आणि मी पिठाच्या हातांनीच लॅपटॉप उघडला. कीबोर्डच्या फटीत त्या दिवसाची कणीक अजून आहे, दगडासारखी झालेली.

सांगलीत बसून मी बोटींचे आकार काढते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, “बरं आहे, आपल्याला लागतातच की.” पुराचा हा विनोद २०१९ नंतर इतक्यांदा ऐकलाय की हल्ली मीच तो आधी करून मोकळी होते. समुद्र इथून घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. मेकॅनिकल करून मी गोव्याला गेले, एका लहानशा डिझाइन ऑफिसात लागले, लॉकडाउनमध्ये घरी आले ती इथेच राहिले. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत टेबल टाकलंय. खाली संध्याकाळी भडंगवाल्याची गाडी लागते आणि लसणीच्या फोडणीच्या वासात मी टगबोटींची बुडं गुळगुळीत करत बसते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझ्या कामातला एकच शब्द माहीत आहे, हल, म्हणजे बोटीचं धड. तोही ते ‘हाल’ असा ऐकतात. “आज कुणाचे हाल चाललेत?” असं फोनवर विचारतात. त्या सोमवारी माझेच चालले होते.

बोट म्हणजे २४ मीटरची वर्कबोट. हिच्या मागच्या बुडाखाली, बरोबर मध्यरेषेवर, माशाच्या परासारखा एक उभा भाग आहे. त्याला स्केग म्हणतात. बोट सरळ रेषेत चालावी आणि कुठं गाळात टेकली तर पंख्याला मार बसू नये म्हणून तो असतो. सॉफ्टवेअरमध्ये बोटीचं बुड हा एक सरफेस, म्हणजे नुसता पृष्ठभाग, आणि स्केग हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे काढायचे, स्केगचा माथा बुडात घुसवायचा, आणि जिथे दोघं एकमेकांना छेदतात त्या रेषेवर दोघांचाही नको तो भाग घालवायचा. स्केगचा आत घुसलेला माथा जातो, आणि त्या माथ्याच्या वाटेत आलेली बुडाची लांबट चकतीही जाते. याला ट्रिम करणं म्हणतात. घालवायचा म्हटलं खरं, पण जात काहीच नाही. शिंप्याची कात्री इथे चालतच नाही. साडीचा जास्तीचा घेर निऱ्या करून आत खोचावा, तसं हे आहे. साडी तेवढीच असते, बाहेरून दिसत नाही एवढंच. अख्खा सरफेस मागे तसाच राहतो, सॉफ्टवेअर फक्त एका रेषेपलीकडे बघायचं नाही असं ठरवतं. आणि ती रेषा कुठं जराशी जरी तुटली, तर कुठलं बघायचं आणि कुठलं नाही हेच त्याला कळेनासं होतं.

शनिवारी मी स्केगला हातसुद्धा लावलेला नव्हता. मागच्या बुडावर एक फुगवटा होता, दिसायला काहीच नाही, पण उजेडाच्या पट्ट्या टाकून पाहिलं की तिथे पट्टी वाकडी व्हायची. तो मी बसवला होता. चारपाच बिंदू नऊ-दहा मिलिमीटर वर उचलले, पट्ट्या सरळ झाल्या, मला बरं वाटलं, फाइल पाठवली आणि मैत्रिणीबरोबर हरिपूरला संगमावर फिरायला गेले. त्यामुळे साहेबांचा फोन आल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की मी काहीच केलेलं नाही, चूक सॉफ्टवेअरची असणार. हा विचार पहिला येतो आणि दुपारपर्यंत मुक्काम करतो.

पडद्यावर सगळं सुंदर होतं. बोट फिरवून पाहिली, खालून पाहिली, स्केग बुडाला नीट चिकटलेला. रंग दिला, सावली टाकली, कुठे फट नाही. फाइल बंद करून उघडली. लॅपटॉप बंद करून चालू केला. (हसू नका, यानं निम्मी कामं होतात.) मग स्लाइसिंगचा आलेख काढला. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे बोटीचे पुढून मागे काप घ्यायचे आणि प्रत्येक कापाचं पाण्याखालचं क्षेत्रफळ एका वक्रावर मांडायचं. त्या वक्राखाली जे मावतं तेच बोटीचं पाण्याखालचं आकारमान, आणि तेवढ्या पाण्याचं वजन म्हणजे साहेबांचे ते टन. शुक्रवारच्या वक्राला मागच्या बाजूला एक हलकीशी पाठ होती, उंटाच्या वशिंडासारखी, पण लहान. सोमवारच्या वक्राला ती नव्हती. नाकातून शेपटीपर्यंत एकसंध, डौलदार उतार. आमच्या धंद्यात वक्र असा असला की कौतुक करतात. चुकीचा वक्र बरोबरपेक्षा देखणा होता, आणि म्हणूनच दुपारी दोनपर्यंत मी त्याच्याकडे पाहून पुढे जात राहिले.

आणखी एक गोष्ट दिसत होती, ती मी बाजूला सारली. हिशोबात बोट मागे पाच सेंटिमीटर जास्त बसलेली येत होती. या पुढे-मागे कलण्यालाही आम्ही ट्रिमच म्हणतो. एकाच धंद्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही रोजच्या वापरातले. नव्या पोरांचा घोटाळा होतो, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी एक ट्रिम बिघडला म्हणून दुसरा बिघडला होता. मागच्या बाजूचं तरंगवणारं काहीतरी नाहीसं झालं होतं. मी मात्र टाक्यांतल्या डिझेलचे आकडे तपासत बसले.

मग रागानं सगळे ट्रिम काढून टाकले आणि पहिल्यापासून करायला घेतले. छेदाची रेषा दाखव म्हटलं, बुडावरची चकती निवडण्यासाठी क्लिक केलं.

अख्खी बोट करडी झाली.

करडी म्हणजे गेली. मी एक चकती घालवायला सांगितली आणि सॉफ्टवेअरनं बुड, बाजू, नाक, सगळं घालवलं. स्केग तेवढा शून्यात लटकत राहिला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अचूकपणाचं सेटिंग वाढवत नेलं. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला, आणि छेदाची रेषा आली ती सलग नाहीच. पुढे थोडी, मागे थोडी, मधे मुंग्यांची रांग फुटावी तसे तुकडे. म्हणजे कुंपणाला भोक पडलं होतं. चकतीला स्वतःची हद्दच उरली नव्हती, ती सगळ्या बुडाशी एकच झाली होती.

ही छेदाची रेषा इतकी नाजूक का असते हे मला पहिल्या नोकरीत एका सीनियरनं चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, आणि मी ते थट्टेवारी नेलं होतं. दोन्ही दिशांना तिसऱ्या घातात वाकणारा एक साधा तुकडा घ्या. तो एका समीकरणात मांडायचा तर समीकरण १८ व्या घाताचं होतं. तसले दोन तुकडे एकमेकांना छेदले की त्यांची रेषा होते १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ घातांची. कुठलंही सॉफ्टवेअर ती सोडवत बसत नाही. ते ठिकठिकाणी दोन्ही सरफेसांवरचा सामाईक बिंदू शोधतं, ते बिंदू एका साध्या गुळगुळीत रेषेत ओवतं आणि ‘खऱ्या रेषेपासून इतक्या मिलिमीटरच्या आत आहे ना, मग चालेल’ म्हणतं. त्या ‘इतक्या’ला टॉलरन्स म्हणतात. त्यातही रेषा एक नसते. अवकाशातली एक, बुडाच्या अंगावर उमटवलेली दुसरी, स्केगच्या अंगावरची तिसरी. तिन्ही एकच आहेत असं धरून पुढे जायचं असतं, आणि तिन्ही एक कधीच नसतात. जिथे दोन सरफेस एकमेकांना चांगल्या कोनात कापतात तिथे हे खपून जातं. जिथे ते नुसते घासून जातात, तिथे केसभर हललं तरी रेषा हातभर सरकते, किंवा गायबच होते.

पाच वाजता अण्णांचा फोन आला. रंगारी आलाय, तू ये म्हणाले. दिवाळीच्या आधी घर रंगवायचं चाललं होतं. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि गावभागात गेले.

आमचं घर जुनं, लांबट, तीन खोल्या एकामागे एक आणि शेवटी मोरी. पुढच्या खोलीत जाजम गुंडाळून ठेवलेलं, सामान मधे ओढून त्यावर जुनी चादर टाकलेली, हवेत खरवडलेल्या चुन्याची धूळ. रंगारी पत्र्यानं भिंत खरवडत होता आणि जुने रंग पापुद्र्यांसारखे गळून पडत होते. पोपटी, त्याखाली गुलाबी, त्याखाली आईच्या वेळची निळसर सफेदी. आणि त्या सगळ्यांच्या आरपार, माझ्या छातीच्या जरा वर, एक तपकिरी आडवी रेघ. २०१९ ची. गुडघ्याशी दुसरी, २०२१ ची, फिकी. पूर ओसरल्यावर दोनदा रंग दिला होता, दोन्ही वेळा पावसाळ्यात लोणा धरून रेघ पुन्हा वर आली होती. पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात. पाण्याची भिंतीवरची रेघ मात्र जाता जात नाही. रंगारी म्हणत होता, “काका, पुट्टीचा जाड हात मारतो, मग बघा कुठं दिसती ती.” अण्णा काहीच बोलत नव्हते.

२०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये मी इथे नव्हते. इथले सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याचे फूट मोजत होते. ४० ला इशारा, ४५ ला धोका, लहानपणापासून हे आकडे पाढ्यांसारखे पाठ. त्या वर्षी पाणी ५७ च्याही वर गेलं. मी गोव्यात एसीच्या खोलीत बसून एका प्रवासी बोटीच्या बुडाची तिसरी आवृत्ती काढत होते आणि मधूनमधून अण्णांना फोन लावत होते. तो लागत नव्हता. चौथ्या दिवशी आत्याचा मिरजेहून फोन आला की दादा पोचला. अण्णांना माळ्यावरून रबरी होडीत उतरवून घेतलं होतं. बरोबर काय आणलं तर औषधं, आईचा फोटो आणि सेठच्या दुकानाच्या दोन वह्या, प्लास्टिकच्या पिशवीत. मी त्यांना काय विचारलं असेल? “होडीत माणसं किती होती?” नंतर कितीदा वाटलं की हे विचारायचं नव्हतं. अण्णा म्हणाले, “मोजली न्हाईत. रबराची होती बाई, तुझ्यासारखी लोखंडाची नव्हे.”

अण्णा चाळीस वर्षं हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर कधी पांढरी मी पाहिली नाही. मार्केट यार्डातून सायकलवरून घरी आले की आधी हळदीचा वास आत यायचा, मागून अण्णा. हरिपूरच्या पेवांचा हिशोबही त्यांच्याकडे असे. जमिनीत खोल खणलेलं, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत पोतीच्या पोती हळद, वर्षानुवर्षं कीड नाही की वास जात नाही. पेव उघडलं तरी लगेच आत उतरायचं नसतं, आतली कोंदट हवा माणूस मारते. इतकं घट्ट बंद असलेलं ते पेव २००५ च्या पुरात मात्र पाण्याला अडवू शकलं नाही. त्या वर्षी अण्णा आठवडाभर भिजलेल्या पोत्यांच्या याद्या करत होते आणि घरी आल्यावर हात धुतले तरी नखं पिवळीच. मला तेव्हा त्यांचं काम अतिशय कंटाळवाणं वाटायचं. आकडे लिहायचे, बेरीज मारायची, ताळा जुळला नाही तर रात्रभर जागायचं. चार रुपयांसाठी! मी म्हणायचे, अण्णा, चार रुपये खिशातले घाला आणि झोपा. ते माझ्याकडे असं बघायचे, जसं मी चोरीच करायला सांगितलीय.

“चेहरा का उतरलाय?” त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं. रंगारी गेला होता, आम्ही गुंडाळलेल्या जाजमावर बसून चहा घेत होतो. मी सांगितलं. दीड टन गायब आहेत, बोट तीच आहे.

“दीड का बरोबर किती?”

“१.४. म्हणजे १४०० किलो.”

त्यांनी बशीतला चहा संपवला. “नऊनं जात नाही,” म्हणाले. मला एकदम हसू आलं. ताळ्यात फरक आला की अण्णा आधी तो नऊनं भागून बघत. गेला तर समजायचं, कुठंतरी आकडे उलटे पडलेत, ५४ च्या जागी ४५ लिहिलेत. “मग दोननं भाग. सातशे. सातशेची रक्कम नावेच्या जागी जमेला पडली असंल तर फरक दुप्पट येतो. तसं काही?” मी मान हलवली. पण सातशे ऐकून काहीतरी टोचलं. सॉफ्टवेअरमध्ये बोट नेहमी अर्धीच असते. डावी बाजू काढायची, उजवी आरशात. जे काही हरवलंय ते प्रत्येक बाजूला सातशे किलो. “न्हाईतर मग सरळ आहे,” अण्णा म्हणाले, “तेवढ्याच रकमेची एक नोंद राहून गेलीय. चौदाशेचं काय काय आहे तुझ्या बोटीत, ते शोध. फरकाच्या मागं पळू नको, रकमेच्या मागं पळ.”

मी दिवसभर फरकाच्याच मागे पळत होते. चौदाशे किलोचं काय आहे हे विचारायचं सुचलंच नव्हतं. रंगाऱ्याच्या पुट्टीच्या पिशवीवर पेन्सिलीनं गुणाकार मांडला. स्केग ६ मीटर लांब, सरासरी पाऊण मीटर उंच, ३०० मिलिमीटर जाड. झाले १.३५ घनमीटर. समुद्राच्या पाण्याचे घनमीटरला १.०२५ टन लावले की १.३८ टन. स्केग पडद्यावर होता, रंगवलेला होता, त्याची सावलीही पडत होती, पण हिशोबात अख्खा स्केग नव्हता. छेदाची रेषा तुटल्यामुळे त्या भागातला कुठलाच काप बंद होत नव्हता, आणि उघड्या कापाचं क्षेत्रफळ काढता येत नाही म्हणून सॉफ्टवेअरनं स्केग निमूटपणे वगळला होता. एक अक्षर न बोलता. मला खरा राग आला तो त्याचा.

नंतर माझाच आला. कारण पुढचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. मुळात स्केगचा माथा मी बुडात सहा-सात मिलिमीटरच घुसवला होता. दिसतंय ना चिकटलेलं, झालं. शनिवारी मी बुड वर उचललं नऊ-दहा मिलिमीटर. मधल्या भागात बुड स्केगला सोडून वर गेलं होतं. फट तीन मिलिमीटरची. २४ मीटरची बोट पडद्यावर वीतभर दिसते, तिच्यात तीन मिलिमीटर कोणाला दिसणार. दोन्ही टोकांना मात्र अजून टेकलेलं होतं, म्हणून रेषा पुढे थोडी, मागे थोडी.

त्या वेळी मला जो मोह झाला तो इथे लिहून ठेवते. टॉलरन्स पाच मिलिमीटर केला असता तर सॉफ्टवेअरनं फट मिटलेली मानली असती, ट्रिम झाला असता, आकडा परत आला असता आणि नऊच्या आत मी जेवायला बसले असते. हे मला माहीत होतं, कारण पूर्वी एकदा मी ते केलंय. दुसऱ्या बोटीवर, बोटी बांधणाऱ्या दुसऱ्या यार्डासाठी, रात्री दोन वाजता. सगळ्या कडा जुळल्या, फाइल गेली, त्यावरून पत्रे कापले गेले. चारेक महिन्यांनी मी यार्डात गेले तेव्हा स्केगच्या सांध्यावर वेल्डिंगचा एक भरघोस जाड पट्टा होता, बाकीच्या सांध्यांपेक्षा दुप्पट. पत्रा चार मिलिमीटर तोकडा पडला होता, वेल्डरनं भरून घेतला होता. मी विचारलं तर तो ग्राइंडर बाजूला ठेवून म्हणाला, होतं असं मॅडम, रोजचंच आहे. बोट आजही चालते. तिला काही झालेलं नाही, होणारही नाही. पण मी तो पट्टा पाहिला तेव्हा त्याच्यावर हात ठेवून पाहिला होता, आणि कोणी बघत नाही ना हेही पाहिलं होतं.

अण्णांच्या घरातच बसले. पंख्याखाली चुन्याची धूळ उडत होती म्हणून पंखा बंद, आणि ऑक्टोबरचा उकाडा. स्केगचा माथा चांगला १०० मिलिमीटर आत घुसवला. लपणारच आहे, मग कंजुषी कशाला? त्याचं पुढचं टोक मी फार कौतुकानं निमुळतं करत बुडात विरवलं होतं, दिसायला छान, पण तिथे दोन्ही सरफेस जवळजवळ समांतर होऊन घासत होते. ते टोक बोथट केलं, बुडाला नीट कोनात भिडेल असं. जीवावर आलं, पण केलं. मध्यरेषेवरचे बिंदू तपासले तर दोन बिंदू शून्याऐवजी ०.३ वर होते, माझीच माउस ओढताना सुटलेली करामत. ते शून्यावर आणले, नाहीतर आरशातली दुसरी बाजू पहिलीला भेटतच नाही. मग छेद मागितला. एक सलग रेषा आली, डोळ्याच्या आकाराची, लांबट, मिटलेली. चकतीवर क्लिक करताना श्वास धरला होता. फक्त चकती करडी झाली.

११८.५७.

आलेखाला मागे ती लहानशी पाठ परत आली होती. इतकी बरी मला ती आधी कधी दिसली नव्हती. अण्णा जागेच होते, पलीकडच्या खाटेवरून म्हणाले, “जुळलं?” मी म्हटलं, तीस किलोचा फरक आहे, पण तो शनिवारी बुड वर उचललं त्याचा. “मग तो वेगळा लिही,” म्हणाले आणि कुशीवर वळले. साहेबांना मेल लिहिताना मी तो वेगळाच लिहिला. काय झालं होतं तेही लिहिलं, सहा-सात मिलिमीटरसकट. त्यांचं उत्तर सकाळी आलं. एकच ओळ : पुढच्या वेळी स्केग पोटभर घुसव.

सकाळी रंगारी पुट्टीचा डबा घेऊन हजर. मला रात्रीची झोप अपुरी, डोक्यात अजून छेदरेषा, आणि समोर भिंतीवर ती रेघ. पाणी त्या वेळी बराच काळ एकाच पातळीवर थांबलं असणार, त्याशिवाय इतकी ठसठशीत रेघ उमटत नाही. कपाटामागे, कोनाड्यात, खांबाच्या गोलाईवरून, दरवाजाच्या चौकटीच्या नक्षीतून ती कुठेही न तुटता गेली होती. पाण्याला ३२४ घातांचं काही वाटलं नव्हतं. मी सहज अण्णांचा टेप घेतला आणि पुढच्या खोलीत फरशीपासून रेघेपर्यंत मोजलं. १३६ सेंटिमीटर. मधल्या खोलीत १३८. मोरीपाशी १४०.

“अण्णा, घर मागे बसलंय,” मी म्हटलं. “चार सेंटिमीटर. आमच्याकडे याला ट्रिम म्हणतात.”

ते उठून आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, टेप माझ्या हातातून घेऊन मोरीपाशी स्वतः मोजलं. १४०. “बसलंबिसलं काही नाही,” म्हणाले. “गवंड्यानं मोरीकडं उतार दिलाय. पाणी जायला नको?” मग थोडं थांबून, “का पुरानंतर पाया खचला असंल?” त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. पुराच्या आधी कोणी मोजलं नव्हतं.

रंगारी पत्रा हातात घेऊन उभा होता. “लावू का काका?” अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, तिन्ही खोल्यांत रेघेखाली आपल्या वळणदार अक्षरात आकडा आणि तारीख लिहिली, मग दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरही तेच तीन आकडे एकाखाली एक मांडले. “लाव आता,” म्हणाले. आणि मला, “पुढच्या दिवाळीला यायचं. मोजायला.”